दोरीचा लिंब

मोहरापूरच्या नाक्यावरून सुटलेला आमचा राज्यमार्ग पिंपळढवच्या गुरांच्या बाजाराला वळसा घालतो, साळवाडीचा चढ चढतो, कोरड्या नदीवरच्या बुटक्या पुलावरून जातो आणि एकदा का माळावर आला की मग कुणाकडेच बघत नाही. सरळ म्हणजे किती सरळ, तर पुढून येणारी एस.टी. आधी मुंगीएवढी दिसते, मग काडेपेटीएवढी, मग पेटाऱ्याएवढी, आणि मग कुठे तिच्या पाटीवरचं 'राजेवेस' हे नाव वाचता येतं. कडेला हिरव्या टोपीचे किलोमीटरचे दगड, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे.

अशा रस्त्याला मध्येच काय होतं कुणास ठाऊक. तो एकदम दक्षिणेला फिरतो, भलंमोठं अर्धं रिंगण घेतो आणि पुन्हा आपल्या जुन्या ओळीला लागतो. डोंगर आडवा नाही, ओढा नाही, कुणा पाटलाची विहीर नाही. रिंगणाच्या आत आहे ते एक लिंबाचं झाड, त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर रोवलेल्या खुंट्या, आणि खुंट्यांना बांधलेली सुती दोरी. दोरीवर लिंबाचे डहाळे लोंबत असतात. कंडक्टर त्या थांब्याला 'दोरीचा लिंब' म्हणतो.

आमचं हॉटेल तिथंच, रिंगणाच्या बाहेरच्या अंगाला. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकं आणि पाण्याचा रांजण. गाडी थांबली की लोक पाय मोकळे करायला उतरतात आणि नवखं माणूस असलं की विचारतंच. रस्ता असा का वळला? एवढं मोठं वळण, आणि ड्रायव्हरनं हॉर्न कसा दिला नाही? जेवायला बसलेला असला तर आणखी एक विचारतो, वरणाला फोडणी का नाही?

उत्तर द्यायला आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, पहिल्या बाकावर बसलेलेच असतात. ते सांगतात, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपासून त्यांच्या चुका काढतात. लग्न होऊन आल्यापासून मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की कुठं मामंजी थांबणार आणि कुठं आत्याबाई बोलणार तेही मला पाठ झालंय. दोघांचं मिळून जे होतं ते असं.

पूर्वी या माळावर रस्ता नव्हता. लमाणांच्या बैलांची वाट होती. कोकणातून मीठ यायचं, इकडून धान्य जायचं, आणि बैलांच्या खुरांनी जेवढी जमीन चेपली जाईल तेवढीच काय ती वाट. मग एका सालात असा दुष्काळ पडला म्हणे की लमाणांनी बैल विकले आणि वाटेवर गवतही उगवेना, कारण उगवायला पाणीच नव्हतं. तेव्हाच्या सरकारनं लोकांना काम म्हणून मोहरापूर ते राजेवेस रस्ता काढला. रस्त्यावर राबायचं आणि संध्याकाळी ओटीत जोंधळा घ्यायचा. माणसं घरं बंद करून, कडीला काटा लावून रस्त्यावर राहायला आली.

कामाच्या दोन टोळ्या होत्या. एक मोहरापुराकडून येणारी, मावळतीची. तिचा मुकादम तात्याबा. दुसरी राजेवेशीकडून येणारी, उगवतीची, तिचा मुकादम हैबती. दोघींनी दोन्हीकडून रस्ता आणायचा आणि माळावर एकमेकींना भेटायचं. रस्त्याची रीत अशी की आधी ओव्हरसियर येऊन खुंट्या ठोकायचा, खुंटीला खुंटी दोरी ताणायचा, आणि टोळीनं त्या दोरीच्या कडेनं खणत जायचं. दोरी जाईल तिकडे रस्ता. टोळीतल्या माणसाला पुढचं मागचं काही बघायचं नसतं, दोरी तेवढी बघायची. मामंजी म्हणतात, "बैलाला जशी येसन, तशी टोळीला दोरी." इथं आत्याबाई चुलीपासून म्हणतात, "आन् बाप्या मानसाला बायको." लोक हसतात. मग मामंजी पुढे जातात.

मावळतीच्या टोळीत भिवरा नावाची एक बाई होती. नवरा जनावरांसाठी चारा शोधायला घाटाखाली गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. तिची दोन मुलं रांगायच्या आधीच गेलेली. तिसरी मुलगी झाली, तेव्हा तिचं नाव तिनं धोंडी ठेवलं. दगडाचं नाव ठेवलं की मरणाची नजर पडत नाही, दगड कोण उचलून नेतो, असा आपल्या लोकांचा विचार. धोंडी दुडुदुडु चालण्याइतकी झाली होती. भिवरा खडी फोडायची आणि टोळी जिथं असेल तिथल्या झाडाला धोंडीची झोळी बांधायची. हात हातोडीवर आणि डोळा झोळीवर. हातोडी चुकून बोटावर बसली तरी चालेल, पण डोळा हलायचा नाही, असं आत्याबाई सांगतात. ते त्यांना कुणी सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. ते मलाही सांगितल्याशिवाय कळलं असतं.

टोळी या लिंबापाशी पोचली. ओव्हरसियरची दोरी थेट झाडाच्या बुंध्यावर जात होती. झाड पाडायचं आणि पुढे सरकायचं, असा हुकूम होता. सकाळी कुऱ्हाडी घासायला घेतल्या आणि तेवढ्यात झोळीपाशी भिवरा खाली बसली. धोंडीचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि कपाळावर, ओठाच्या कडेला पाण्याचे फोड उठले होते.

देवी आली होती.

आता तो आजार कुठं राहिला नाही. लस निघाली, तो पृथ्वीवरूनच गेला, असं आम्हाला सहावीच्या पुस्तकात होतं. पण तेव्हा देवी म्हणजे देवीच. ज्या घरात लेकराला देवी आली त्या घरात कडक सोवळं पाळायचे. दारावर लिंबाचा डहाळा लावायचे, म्हणजे बाहेरचा माणूस उंबऱ्याशीच थांबेल. तव्यावर चर्र करायचं नाही, फोडणी द्यायची नाही, तिच्या वासानं आणि आवाजानं देवी कोपते. लोखंडावर लोखंड आपटायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. आणि लेकराला जागचं हलवायचं तर मुळीच नाही, देवी आपणहून उठून जाईपर्यंत.

टोळीत गंगूआत्या म्हणून एक म्हातारी होती. देवीचं सगळं तिला विचारायचे. तिनं धोंडीला पाहिलं आणि कुऱ्हाडवाल्यांना म्हणाली, "ठिवा खाली. देवी लिंबाच्या सावलीला बसलीया."

टोळी थांबली. पण पोटं कशी थांबणार? काम मोजलं तरच जोंधळा मिळायचा. दुपारपर्यंत लोक कुजबुजले. एकजण म्हणाला, "पोर उचलून पलीकडच्या बाभळीखाली ठिवू. देवी काय, संगं चालती." त्यावर गंगूआत्या म्हणाली, "तुज्या आईला देवी आल्ती तवा तुज्या आज्यानं खाट हलवली. मग काय झालं ते इचार तुज्या बापाला." 

दुसरा म्हणाला, झाड राहू द्या, पण खडी तरी फोडू. भिवराच्या जावेनं हातोडीला चिंध्या गुंडाळून पाहिल्या. हातोडीचा आवाज गेला आणि दगडही फुटेना. चिंध्यांच्या हातोडीनं दगड नुसता कुरवाळल्यासारखा दिसायला लागला, आणि त्या तसल्या दिवसातही बायकांना हसू आलं. तोंडात पदर कोंबून हसल्या म्हणे.

मग गंगूआत्यानं तात्याबा मुकादमाला सांगितलं, "लेकराला घर न्हाय. घर न्हाय म्हनून उंबरा न्हाय. यील त्यो सरळ झोळीशी यील. मानसानं कुठं थांबावं ते दिसाया नगं?"

 तात्याबानं रस्त्यासाठी ठोकलेल्या खुंट्या उपटल्या आणि त्यांची दोरी खांद्यावर घेतली. घर किती मोठं करायचं याला त्यांनी एक युक्ती केली. एका गड्यानं झाडापाशी दगडावर हातोडी मारली. झोळीत धोंडीच्या पापण्या थरथरल्या. तो मागे गेला, पुन्हा मारली. पुन्हा थरथरल्या. तो मागे मागे जात राहिला आणि भिवरा झोळीवर वाकून त्या पापण्यांकडे बघत राहिली. जिथं हातोडी वाजूनही पापणी हलली नाही तिथं तिनं हात वर केला. त्या अंतरावर खुंट्या ठोकत गेले. उत्तरेला निवडुंगाची दाट जाळी होती, तिकडून कोण येत नव्हतं, आणि दोरीही पुरली नाही. म्हणून फक्त दक्षिणेच्या अंगानं अर्धं रिंगण झालं. दोरीवर हात हात अंतरावर लिंबाचे डहाळे बांधले. झालं घर.

या घरात भिवरा एकटी राहिली. तात्याबानं टोळीला मागे नेलं. मागच्या मुक्कामाजवळचा कच्चा तुकडा पक्का करू, तेवढाच मोजला जाईल, असा त्याचा हिशेब होता. गंगूआत्या दोरीबाहेर चूल मांडून बिनफोडणीची पातळ आंबील करायची आणि दोरीखालून सरकवायची. आत जाताना भिवरानं देवीला हात जोडून सांगितलं म्हणे, "आई, हिला ठेवलीस तर या वाटंनं जाणाऱ्या कुणाच्या बी लेकराची झोप मी मोडू देणार न्हाय."

असा नवस कुणी बोलतं का? लोक सोनं बोलतात, बकरं बोलतात, साडीचोळी बोलतात. तिच्याकडे यातलं काही नव्हतं. आणि जे लेकरू तापात तळमळतंय त्याच्या आईला जगात झोपेपेक्षा मोठं काही दिसत नाही. हे मी माझं सांगते, मामंजींचं नाही.

आता चूक कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे.

ओव्हरसियरला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो राजेवेशीकडे होता. हैबतीची टोळी झपाट्यानं पुढे येत होती, तेव्हा त्यानं हैबतीला सांगून ठेवलं होतं, "लिंबाच्या झाडापाशी पलीकडच्या टोळीची दोरी दिसेल. ती धरायची आणि खणत सुटायचं. दोन्ही तोंडं मिळाली की मला कळवा."

हैबतीची टोळी आली. त्यांना लिंब दिसला आणि दोरीही दिसली. फक्त दोरी सरळ जात नव्हती, वळत होती, आणि तिला डहाळे बांधलेले होते. डहाळ्यांचा अर्थ न कळणारं टोळीत कोणीच नव्हतं. वाजू नयेत म्हणून बायकांनी पायातले वाळे वर सरकवून पोटऱ्यांना घट्ट बसवले. गडी कुजबुजायला लागले. पण दोरी ती दोरी. हैबतीला वाटलं, आत देवी बसलीय म्हणून साहेबानंच रस्ता वळवला. केवढा शहाणा साहेब! त्यानं टोळीला खूण केली आणि दोरीच्या बाहेरच्या अंगानं कुदळी पडायला लागल्या. दगड लागला की फोडायचा नाही, पहारीनं हलकेच उकरून काढायचा आणि लांब नेऊन ठेवायचा. माती ओतताना टोपली वरून पालथी करायची नाही, जमिनीशी वाकून ओतायची. एवढ्या हलक्या हातानं रस्ता कधी कुणी बांधला नसेल. म्हणून हे वळण कधी खचत नाही, असं मामंजी म्हणतात. खचतं, पण आम्ही बोलत नाही.

दोरीबाहेर चुलीशी बसलेल्या गंगूआत्याला देवीपुढं रस्ता वळतोय यात काही वावगं दिसलं नाही. भिवरानंही झाडाखालून हे पाहिलं. माणसं तिच्या घराच्या भिंतीच्या कडेनं रस्ता खणत होती. तिला कळलं असेल का? दोरीशी येऊन नुसतं हातानं खुणावलं असतं, ही दोरी रस्त्याची नव्हे, तरी पुरलं असतं. हैबतीनं तिच्याकडे पाहून हातानंच विचारलं, असंच ना, गोल? भिवरानं ओठावर बोट ठेवलं.

याचा अर्थ काय, यावर आमच्याकडे रोज भांडण होतं. मामंजी म्हणतात, तिला एवढंच सांगायचं होतं की पोर झोपलंय, आवाज करू नका. बिचारीला रस्त्यातलं काय कळतं? आत्याबाई म्हणतात, "रस्त्यावर खडी फोडून जिची बोटं ठेचली तिला दोरी कळत नव्हती व्हय? समदं कळत होतं. गप राहिली. म्या बी राहिले असते." मी यात कधी पडत नाही. पण मला विचाराल तर मी आत्याबाईंच्या बाजूची.

अर्धं रिंगण खणून मुरूम पडला आणि हैबतीनं निरोप धाडला. ओव्हरसियर घोड्यावरून आला. त्याच वेळी तात्याबाची टोळीही इकडे आली, कारण जोंधळा संपत आला होता आणि देवी उठली का ते बघायचं होतं. माळावर दोन्ही टोळ्या समोरासमोर उभ्या राहिल्या आणि मध्ये हा वाकडा रस्ता.

ओव्हरसियरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला वर उत्तर द्यायचं होतं, आणि कागदावर रस्ता सरळ काढलेला होता. तो ओरडला, "कुणी वाकवला?"

दोन्ही टोळ्यांनी एकदम ओठावर बोट ठेवलं. साहेबाचा आवाज आपोआप खाली आला. त्यानं पुन्हा दबक्या आवाजात विचारलं, "कुणी वाकवला?"

हैबती म्हणाला, "दोरीनं वाकवला, साहेब. तुमीच म्हनला, दोरी धरा."

"दोरी कुणी वाकवली?"

तात्याबा पुढे झाला. "म्या. पर ती रस्त्याची न्हवं, घराची हाय. आत लेकरू हाय."

ओव्हरसियरनं दोन्हीकडे पाहिलं. त्याच्या एका शब्दावर काम होतं. रस्ता पुन्हा सरळ करा म्हणाला असता तर झाड जाणार, झोळी सुटणार, पोर हलवावं लागणार. नको म्हणाला असता तर त्याची भाकरी जाणार. तो घोड्यावरून उतरला आणि तरातरा झाडाकडे निघाला.

भिवरा दोरीशी येऊन उभी राहिली. आतल्या बाजूला. तिचे केस सुटले होते आणि ओठ फुटले होते. ती म्हणाली, "साहेब, माझी दोन गेली. ही तिसरी. झाड तुमचं, रस्ता बी तुमचाच. हिला एकदा डोळं उघडू द्या, मग कुऱ्हाड म्या माज्या हातानं आणून देते."

ओव्हरसियरचा पाय दोरीशी पोचला. ओलांडायला उचललाही होता. आणि समोर लिंबाचा डहाळा हलला. त्याच्याही घरी कधीतरी दारावर तो लागला असणार. त्याचा पाय तसाच खाली आला. तो वाकला आणि बूट काढायला लागला. सवयीनं, जसं कुणाच्या घरी गेल्यावर काढतो तसं. दोन्ही बूट काढून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. जिथं पायातलं काढलं ते घर झालं. घर पाडायचा हुकूम आता कोणत्या तोंडानं द्यायचा?

तो अनवाणी उभा राहिला. ऊन चांगलंच होतं आणि मुरूम तापला होता, पण त्याच्या मागे दोन टोळ्या उभ्या होत्या म्हणून त्याला पाय उचलून नाचताही येईना. इथं गाडीतली पोरं हसतात. मामंजी हसू देतात आणि मग आवाज खाली आणतात.

कारण त्याच वेळी झोळीतून आवाज आला. "मम."

कितीतरी दिवसांनी धोंडीनं पाणी मागितलं होतं. भिवरा मागे वळली. झोळीपर्यंत ती पळाली नाही, चालत गेली, पळाल्यानं जमीन हादरेल म्हणून. तिनं गाडग्यात पदराचं टोक बुडवलं आणि ते धोंडीच्या ओठांना लावलं. धोंडीनं चोखलं. पुन्हा मागितलं. मग एक डोळा उघडला. दुसऱ्यावर खपली होती, तो दुसऱ्या दिवशी उघडला.

 घोडा फुरफुरला तेव्हा ओव्हरसियरनंच त्याच्या तोंडावर हात ठेवला म्हणे.

मग त्यानं बूट हातात घेतले, रस्त्यावर आला आणि दोन्ही मुकादमांना म्हणाला, "वळणावळणानं मोजा."

"आन् कागद?" तात्याबानं विचारलं.

"कागदाला मी बघून घेतो. कागद काय, रबरानं पुसता येतो."

सरळ रस्त्यापेक्षा वळणाचा रस्ता लांब. लांब म्हणजे काम जास्त, आणि काम जास्त म्हणजे जोंधळा जास्त. ज्यांना वाटलं होतं की या पोरीपायी आपण उपाशी मरणार, त्यांच्याच ओटीत तिच्यापायी चार मुठी वाढल्या. ज्यानं बाभळीखाली ठेवू म्हटलं होतं त्यानंच म्हणे पहिली मूठ गंगूआत्याच्या टोपलीत टाकली आणि म्हणाला, "देवीच्या वाटणीची." गंगूआत्या म्हणाली, "देवी जोंधळा खात न्हाय. मी खाते. टाक."

देवी उठून गेली तेव्हा धोंडीला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं आणि थंड दहीभाताचा नैवेद्य दाखवला. दही कुठून आणलं कुणास ठाऊक, त्या दुष्काळात. तिच्या तोंडावर व्रण राहिले, पण ती राहिली.

दुष्काळ सरला, टोळ्या पांगल्या, रस्त्यावरून बैलगाड्या सुरू झाल्या. भिवराचा नवरा आला असं काही म्हणतात, आला नाही असंही म्हणतात. ती मात्र इथंच झोपडी बांधून राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायची आणि त्याच्या बदल्यात एकच मागायची. गाडीवान वळणाशी आला की ती दोरीजवळ उभी राहून हात वर करायची. गाडीवान उतरायचा, बैलांच्या घुंगरमाळांत गवताचे बोळे कोंबायचा आणि मग वळण ओलांडायचा. ऐकणारा ऐकायचा, न ऐकणाऱ्याच्या बैलापुढे ती स्वतः उभी राहायची. पुढे सर्व्हिस मोटार आली. तिच्या भोंप्याला फडकं बांधलं. मग एस.टी. आली, ट्रक आले, डांबर आलं, हिरव्या टोपीचे दगड आले आणि वाटेला राज्यमार्ग म्हणायला लागले. वळण सरळ करायचं असं मध्ये एकदा निघालं होतं, पण मोजायला आलेली माणसं दोरीशी आली, चपला काढून पाया पडली, आमच्याकडे जेवली आणि गेली. वर काय लिहिलं ते त्यांचं त्यांना माहीत.

मामंजी सांगतात की आम्ही धोंडीच्याच वंशातले. आत्याबाई म्हणतात, "तसं आसतं तर तुमाला थोडं तरी गप बसाया आलं आसतं."

माझ्या पिलूला ताप आला की मी आधी पिंपळढवच्या सरकारी दवाखान्यात नेते. लस एकही चुकवलेली नाही. आत्याबाईच सांगतात, "सुई आधी, लिंब मागनं." सुई झाल्यावर मात्र आम्ही दोघी दोरीशी जातो, डहाळा बदलतो आणि दहीभात ठेवतो. त्या दिवशी मला दोरी ओलांडावीशी वाटत नाही. आत अजून कुणी झोपलंय असं वाटतं.

आणि झोपलेलं असतंही. रस्त्याचं काम निघालं की कुठून कुठून टोळ्या येतात. कुणी परभणीकडचे, कुणी कर्नाटकातले. त्यांच्या बायका या लिंबाला झोळ्या बांधतात. त्यांना कुणी सांगावं लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात डांबर टाकायला टोळी आली होती, तेव्हाचं तर मी डोळ्यांनी पाहिलं. वळणाच्या अर्ध्यापर्यंत काम झालं आणि झोळीतल्या बाळाला नुकता डोळा लागला होता. रात्रभर रडलेलं पोर होतं, दात येत होते. त्याची आई, एलव्वा तिचं नाव, घमेलं घेऊन उभी होती आणि झोळीकडे बघत होती. रोलरवाल्यानं रोलर बंद केला.

ठेकेदाराचा माणूस धावत आला. "अरे, डांबर थंड होतंय! एकदा गार झालं की जोड बसणार नाही."

रोलरवाला खाली उतरून आमच्या बाकावर बसला. "मग न्हाय बसणार," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "वहिनी, चहा."

ठेकेदाराचा माणूस दोनदा घड्याळ बघून चिडला, तिसऱ्यांदा बघून तोही बसला. मी सगळ्यांना चहा दिला. चहा गाळताना कपाला गाळणी लागून वाजू नये म्हणून हात सावरून गाळला. बाळाचं पोट खाली-वर होतंय ना, ते झोळीशी जाऊन पुन्हा पुन्हा बघून आले. एलव्वाला वाटलं असेल, ही कोण बया माझ्या पोराकडे सारखी बघते. मग तिनंही ओठावर बोट ठेवलं आणि हसली. बाळ पुरं झोपलं. उठलं, जांभई दिली, आईला बघून दोन दात दाखवले आणि मग रोलर सुरू झाला.

आजही या वळणाच्या बरोबर मध्यावर डांबराचा एक जोड आहे. गार झालेलं डांबर आणि नवं डांबर तिथं नीट मिळालेलं नाही. गाडी त्यावरून गेली की एक हलकासा हेलकावा बसतो, आईच्या मांडीवरची पोरं झोपेतच डोकं एका बाजूचं दुसऱ्या बाजूला करतात आणि गाडी पुढे जाते. ड्रायव्हर लोक कधी कुणाकडे तक्रार करत नाहीत. एका पोराची झोप जेवढी होती, तेवढाच तो उंचवटा आहे.